फायनलवाले आप्पा

माझ्या धंद्यात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोलला जाणारा शब्द इंग्रजी आहे. फायनल. मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. नांदेडला माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक लोह्याचं असो नाहीतर देगलूरचं, आधी ट्रॅक्टरला एक चक्कर मारतं, टायरला लाथ घालतं, ऑइलची काडी काढून नाकाला लावतं आणि मग तोंड उघडतं, "हं, फायनल सांगा." मी अजून पहिला भावसुद्धा सांगितलेला नसतो.

"इंग्रजानं शेवटासाठी म्हणून शब्द दिला," आप्पा म्हणायचे, "अन् आपण त्याच्यापासून सुरुवात केली."

आप्पा म्हणजे लातूरचे दलाल. ट्रॅक्टर, शेत, प्लॉट, म्हैस, काहीही असो, मोठ्या सौद्यात दोन्ही बाजूंचं जमेना झालं की लोक लातूरला फोन लावत. पाठीमागे त्यांना सगळे फायनलवाले आप्पा म्हणत आणि हे त्यांना माहीत होतं. गंमत अशी की सौदा पक्का करायला त्यांनी स्वतः तो शब्द कधी वापरला नाही. सौदा जमला की ते म्हणत, "आयतू." ते निलंग्याच्या बाजूचे, घरात निम्मी कानडी. आयतू म्हणजे झालं. त्यांचं झालं म्हणजे खरंच झालेलं असायचं. त्यांनी आयतू म्हटल्यावर फिरलेला सौदा मी तरी पाहिला नाही, ऐकलाही नाही.

दिसायला माणूस अगदी साधा. पांढरा पायजमा, दोन खिशांचा शर्ट, खांद्यावर पंचा. खुर्ची दिली तर बसायचे नाहीत. बैठक कितीही मोठ्यांची असो, आप्पा उंबऱ्यावर. एक कान आत, एक कान बाहेर. चहा यायचा, तो घेऊन शेजारी ठेवायचे आणि विसरून जायचे. चहावर साय धरायची, माशी फिरायची, आत बोलणी तापायची. सौदा जमला की आयतू म्हणून तो गार चहा ते एका दमात पिऊन टाकायचे. त्यामुळे ज्यांना त्यांची रीत माहीत होती ते बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नाही, आप्पांच्या कपाकडे बघत.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली तेव्हा ते माझ्याविरुद्ध होते. मी धंद्यात नवा होतो. गॅरेजवर ट्रॅक्टर धुता धुता चार पैसे जमवून पहिला ट्रॅक्टर घेतला होता आणि तो विकायला लातूरला घेऊन गेलो होतो. घेणाऱ्या पार्टीकडून आप्पा. दुपार टळली तरी जमेना. शेवटी मी वैतागून म्हणालो, "जाऊ द्या, हे घ्या फायनल," आणि भाव पाडला. समोरची पार्टी हात पुढं करायला लागली, तेवढ्यात आप्पा उंबऱ्यावरून बोलले, "थांबा. शेठ, सकाळपासून काही खाल्लं का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"हे तुमचं फायनल न्हाई. हे पोटाचं फायनल हाय. जेवून या, मंग सांगा."

त्यांची पार्टी त्यांच्याकडे डोळे फाडून बघत राहिली. हातात आलेला सौदा त्यांचाच दलाल घालवत होता. मी खरंच उपाशी होतो. शेजारच्या हॉटेलात भाकरी-पिठलं खाल्लं, तांब्याभर पाणी प्यालो, परत आलो आणि पाडलेला भाव परत वर नेला. त्या भावाला सौदा झाला. आप्पांनी गार चहा प्यायला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही त्यांचे दलाल का माझे?"

"मी कुणाचाच न्हाई. भुकेल्या माणसाकडून घेतलेली वस्तू घरात नांदत न्हाई. चार महिन्यांनी तुम्ही त्याच्या दारात भांडाय आला असता. तुमचं नाक सांगून राहिलंय, भांडकुदळ हाव तुम्ही."

मी भांडकुदळ आहे हे खरं आहे. त्याबद्दल मला काही वाटत नाही. माझ्यासारख्याला या धंद्यात मऊ राहून कोणी भाकरी दिली नसती. पण एवढ्या थोड्या वेळात माझं पोट आणि माझं नाक दोन्ही ओळखणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढं आमचं जाणं-येणं वाढलं. त्यांना या एका शब्दाचा नादच होता. लोक जुनी नाणी गोळा करतात तसे आप्पा फायनल गोळा करत. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षर ओळखण्यापुरतं. पण हा शब्द कोण कुठं कसा वापरतो यावर त्यांचं सारखं लक्ष. एकदा लातूरला आम्ही चहाला थांबलो होतो, शेजारी क्लासची पोरं. एकजण म्हणाला, "फायनलनंतर बघू रे." आप्पा लगेच वळले.

"बाळा, तुमचं फायनल म्हणजे काय?"

"परीक्षा, आजोबा. वार्षिक."

"अन् त्याच्यापुढं?"

"एंट्रन्स."

"अन् त्याच्यापुढं?"

"कॉलेज. मग तिथलं फायनल इयर."

आप्पा एवढे खूश झाले की त्या पोरांना भजी सांगितली. दिवसभर मध्येच हसायचे. "बगा शेठ, ह्यांचं बी तसंच. एक फायनल संपलं की पुढचं दारात उभं."

माझ्या गॅरेजचा पेंटर म्हणाला होता, "शेठ, फायनल हात बाकी आहे." मी आप्पांना ते सांगितलं, म्हटलं घ्या, तुमच्या संग्रहात एक भर. ते माझ्या रंगवलेल्या ट्रॅक्टरवर बोट फिरवून म्हणाले, "तुमच्या धंद्यातलं खरं फायनल हेच की! खालचा गंज झाकतंय ते." मी चिडलो. ते आणखी हसले.

मयताच्या घरीही त्यांचा कान तोच. आमच्या गावाकडं हल्ली म्हातारा गेला की पोरं सांगतात, रात्री फायनल झाला. एका तेराव्याला ते हळूच मला म्हणाले, "हे एवढं एकच असं हाय, ज्याच्यावर दुसरं फायनल न्हाई." मी म्हणालो, "कशाचं काय आप्पा, तिकडं मागच्या खोलीत वाटणीची बोलणी सुरू झालीत." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शिकून राहिले तुम्ही!"

माझ्या मोठ्या भावाकडून मला आयुष्यात शाबासकी मिळाली नाही. ही मिळाली ती मी विसरलेलो नाही. म्हणून तर पुढं जे झालं ते जास्त लागलं.

त्यांच्या कानाची ताकद काय होती ते सांगतो. उदगीरकडची एक पार्टी मला फोनवर झुलवत होती. ट्रॅक्टर चांगला होता, मला हवाच होता. आप्पा माझ्याकडे बसले होते, मी फोन स्पीकरवर टाकला. तिकडून आवाज आला, "तुमच्यासाठी म्हणून फायनल सांगतो." आप्पांनी पंचा झटकला, म्हणजे खोटं. मी भाव खाली मागितला. "अहो, एकदम फायनल सांगितलं." पुन्हा पंचा. मी आणखी ताणलं. मग तिकडून काही वेळ नुसता श्वास ऐकू आला, मागं कुठंतरी कोंबडा ओरडला आणि तो माणूस बारीक आवाजात म्हणाला, "न्हाई परवडत दादा." फायनल हा शब्दच त्यात नव्हता. आप्पांनी पंचा गुडघ्यावर ठेवला आणि मला बोटानं खूण केली: घ्या. मी त्याच भावाला घेतला. नंतर कळलं, त्या भावाच्या खाली त्या माणसाला खरंच काही उरत नव्हतं.

"कसं कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"ज्याचं खरंच संपलंय त्याला तो शब्द आठवत न्हाई," ते म्हणाले.

त्यांची आणखी एक खोड होती आणि तिनं माझं बरंच नुकसान केलं. बैठकीत जे बसलेत त्यांचं सगळं बोलून झालं की आप्पा उठत आणि जो बसलेला नाही त्याला शोधत. शेताचा सौदा असला तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे. म्हशीचा असला तर धार कोण काढतं ते विचारत. "वस्तू ज्याच्या हाताखालून जाणार, तो बैठकीत नसतोच," असं त्यांचं म्हणणं.

भोकरच्या पुढं एका गावात दोन भाऊ वेगळे झाले होते. शेत वाटलं, घराच्या मधे भिंत घातली, राहिला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरचे दोन तुकडे करता येत नाहीत, म्हणून विकायचा. मी आप्पांना घेऊन गेलो. मोठा भाऊ धाकट्याकडं बघत नव्हता, धाकटा मोठ्याकडं बघत नव्हता, दोघंही माझ्याशी बोलत होते. "ह्यांना सांगा, विकायचा, फायनल." "त्यांना सांगा, आमचं बी फायनल." असा सोपा सौदा मला वर्षानुवर्षं मिळाला नव्हता. दोघंही भाव ताणत नव्हते, कारण दोघांनाही तिथून उठायची घाई होती.

आप्पा उठले आणि गोठ्याकडं गेले. तिथं धाकट्याची बायको शेण भरत होती. दोघं बोलताना मला दिसत होते, काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं. परत आले ते चपला घालूनच.

"चला शेठ. इथं विकाऊ काही न्हाई."

रस्त्याला लागल्यावर मी फुटलो. "आप्पा, डिझेल जाळून आलोय मी! काय म्हणाली ती?"

"ती म्हणली, सकाळी चावी मागाय हे तिकडं जातेत, संध्याकाळी ते चावी मागाय इकडं येतेत. तेवढंच एक बोलणं राहिलंय दोघांत. ट्रॅक्टर गेला की ते बी गेलं."

"मग? आपण काय त्यांचे पाहुणे आहोत का?"

"तुम्ही न्हाई. मी बी न्हाई. पण मी तिचं ऐकून आलो ना आता. ऐकल्यावर कसं आयतू म्हणू?"

नांदेड येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी मात्र वाटेत उसाचा रस पाजला.

आता माझ्या जागेचं सांगतो.

नांदेडात मी ज्या आवारात धंदा उभा केला ते भाड्याचं होतं. समोर मोकळं पटांगण, तिथं माझे ट्रॅक्टर. मागं मालकाचं घर, कडेला पत्र्याच्या शेडमधे पिठाची गिरणी. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मी त्यांना साहेब म्हणायचो. गिरणी त्यांची बायको चालवायची, ती सगळ्या गल्लीची काकू. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की साहेब चष्मा पुसत म्हणायचे, "बघू, या वेळी द्यायचं का नाही." भिंतीला खिळा मारू देत नव्हते. माझ्या दुकानाचा बोर्ड मी इतकी वर्षं एका ट्रॉलीला तारेनं बांधून ठेवला होता. ट्रॉली विकली की बोर्ड दुसऱ्या ट्रॉलीवर. लोक हसायचे, "शेठ, तुमचं दुकान चाकावर आहे." मीही हसायचो, पण झोपताना ते आठवायचं. गावाकडं आमचं घर दुसऱ्याच्या जागेत होतं. माझा बाप आयुष्यभर उठवलं तर कुठं जायचं या विचारात जगला. मला एकच हवं होतं. माझ्या नावाची जमीन आणि तिच्यात गाडलेल्या दोन खांबांवर माझा बोर्ड.

आणि एक दिवस साहेबच म्हणाले, विकायचं आहे, घरासकट सगळं. मुलगा पुण्याला बोलावतोय.

मी आप्पांना बोलावलं. दुसरा कोणी बसवला असता तर आज ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

बैठकीला साहेब, पुण्याहून आलेला मुलगा, मी, आणि उंबऱ्यावर आप्पा. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला. त्या परत जाताना आप्पांनी त्यांना विचारलं, "बाई, तुमचं काय?" त्या हसल्या. "माझं काय असतंय? ह्यांनी ठरवलं की फायनल." आणि गिरणीकडं गेल्या. थोड्या वेळानं बाहेर गिरणीची घरघर सुरू झाली. ती घरघर मला पाठ होती. तिच्यामुळं गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून मी साहेबांकडं किती वेळा तक्रार केली होती.

सकाळी बसलो ते दुपार झाली. मी आयुष्यात केला नाही एवढा घासून सौदा केला. मुलगा शिकलेला होता, कागदावर आकडे मांडत होता. मी तोंडी त्याच्या पुढं जात होतो. एकदा तो उठून उभा राहिला, एकदा मी. गिरणीचा आवाज होता म्हणून आम्ही सगळे ओरडून बोलत होतो. शेवटी साहेब म्हणाले, फायनल. मुलगा म्हणाला, फायनल. मी तर तीनदा म्हणालो. विसार खिशात होता, पेढ्यांचा पुडा पिशवीत. मी पुडा काढला आणि आप्पांच्या कपाकडं बघितलं.

कप तसाच. आप्पांची मान पटांगणाकडं वळलेली.

"आप्पा, चहा घ्या," मी म्हणालो.

"गिरणी कवापासून चालू हाय?"

"सकाळपासून आहे. रोजचंच आहे ते," मुलगा म्हणाला.

"दळण कुणाचं हाय?"

"असेल कुणाचं तरी."

"कुणाचंच न्हाई," आप्पा म्हणाले. "दाणा न्हाई तिच्यात. दगडावर दगड फिरून राहिला."

आम्ही गप्प झालो आणि मग मलाही ते ऐकू आलं. ज्वारी असली की गिरणीचा आवाज भरलेला, जड असतो. हा कोरडा होता, आत काहीतरी खरवडत असल्यासारखा. इतकी वर्षं तो आवाज माझ्या कानापाशी होता, तरी मला कळलं नव्हतं. लातूरहून आलेल्या माणसाला कळलं.

"मी तिला विचारलंय," साहेब म्हणाले. "ती हो म्हणाली."

"हो म्हणल्या, खरंय. माझ्यापुढं बी म्हणल्या. पण साहेब, जी बाई गिरणी चालवती तिला ठावं असतंय, रिकामी फिरवली की दगड मरतो. ती सकाळपासून कामून फिरवून राहिली असंल? आपलं बोलणं कानावर पडू न्हाई म्हणून."

साहेब उठले. अनवाणीच बाहेर गेले. गिरणी थांबली. त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात मला रस्त्यावरच्या ऑटोचे हॉर्न पहिल्यांदाच त्या घरातून ऐकू आले. दारातून दिसत होतं: काकू पट्ट्याची जाळी पदरानं पुसत होत्या, पुसलेलीच जाळी पुन्हा पुसत होत्या, आणि साहेब नुसते शेजारी उभे होते. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा.

साहेब परत आले आणि म्हणाले, "आपण जरा थांबू."

माझ्या धंद्यात याचा अर्थ काय होतो हे शिकायला मला आप्पांची गरज नव्हती.

मी फुटलो. "आप्पा, तुम्ही दलाल आहात का देवऋषी? मी आणलंय तुम्हाला! माझ्याकडून आलात तुम्ही!"

"हाव, तुम्हीच आणलं."

"मग माझा सौदा कामून मोडला?"

"मोडला न्हाई शेठ. झालाच नव्हता."

"भोकरला मोडला, मी सोसलं. तो माझा धंदा होता. ही माझी जागा आहे! आयुष्यात एकदा मागितली मी जागा!"

त्यांनी चपला घातल्या. भरलेला कप उंबऱ्यावर तसाच ठेवला. मी मागून ओरडलो, "पुन्हा तोंड दाखवू नका मला." ते न वळता "हाव" म्हणाले आणि रस्त्यावर जाऊन त्यांनी ऑटोला हात केला.

मला वाटलं होतं, विकत नाही तर नाही, भाडेकरू म्हणून तरी राहीन. तेही झालं नाही. एकदा विचारलं गेल्यावर काकू बोलायला लागल्या. पुण्याला जायचं नाही. मिरची कांडप टाकायचं आहे, शेवयाचं मशीन टाकायचं आहे, बाया कधीच्या विचारतायत. मुलानंच पुण्याहून मशीन पाठवलं. पोळा झाल्यावर काकू स्वतः माझ्याकडं आल्या, कोपरापर्यंत पिठानं भरलेले हात, आणि म्हणाल्या, "भाऊ, आता मला जागा लागतीय. दिवाळीपर्यंत बघा कुठं तरी." मी कोणाशीही भांडू शकतो. त्या बाईशी मला भांडता आलं नाही. तिच्या आवाजात घासायला जागाच नव्हती.

दिवाळीच्या आत मी सगळे ट्रॅक्टर काढले आणि शहराबाहेर लातूर रोडला एका शेतकऱ्याच्या रानात भाड्यानं नेऊन उभे केले. धूळ, कुत्री, लाइट नाही. जुनी गिऱ्हाइकं गिरणीपाशी येऊन विचारायची, शेठ कुठं गेले, आणि परत जायची. एक आख्खा हंगाम माझा त्यात गेला.

पुढं एका कामासाठी लातूरला गेलो. मार्केट यार्डाजवळच्या खानावळीत शिरलो तर कोपऱ्यात आप्पा जेवत होते. परत फिरणार होतो, पण फिरलो नाही. जाऊन समोर बसलो.

"शेठ," ते म्हणाले. "भाकरी सांगू?"

"नको. एक विचारायचं आहे. सगळ्यांचं फायनल तुम्ही ऐकता. पोटाचं ऐकता, कोंबड्याच्या मागचं ऐकता, गिरणीतलं ऐकता. त्या बैठकीत माझंबी एक फायनल होतं. ते खोटं होतं का?"

त्यांनी घास खाली ठेवला. मी या माणसाला कोड्यात पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुसला, तांब्यातलं पाणी प्यायलं.

"न्हाई," शेवटी म्हणाले. "खरं होतं. त्या खोलीतलं सगळ्यात खरं तुमचंच होतं."

"मग?"

"म्हणून तर मी तुमच्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर चहा उचलला असता."

मी समोरचा रिकामा पेला पालथा घातला.

"तुम्हाला दुसरी जागा मिळंल, तिला गिरणी मिळणार न्हाई, असलं शहाणपण मी सांगणार न्हाई," ते म्हणाले. "दोन खरी होती. मला एकच आयतू म्हणता येत होतं. तुमचं नुकसान माझ्या हातानं झालं. राग धरा शेठ. हक्क हाय तुमचा."

मी न जेवता उठलो. मला आयुष्यात बऱ्याच जणांनी फसवलं आहे आणि प्रत्येकानं नंतर पटवून दिलं आहे की चूक माझीच होती. तुझं खरं होतं आणि तरी मी तुला दिलं नाही, असं तोंडावर सांगणारा हा एकच. त्या वाक्यावर मी अजून मनातल्या मनात घासाघीस करतो. ते एक पैसाही खाली येत नाही.

गेल्या महिन्यात लातूर रोडच्या रानाचा मालक म्हणाला, शेठ, विकायचं ठरवलंय, आधी तुम्हाला विचारतो. घरात त्याची आई आहे, बायको आहे, एक बहीण माहेरी आलेली आहे. नांदेडचे दोन दलाल त्याच संध्याकाळी माझ्याकडं हजर. दोघंही म्हणाले, आम्ही एका बैठकीत फायनल करून देतो. मी त्यांना चहा पाजून घालवलं आणि फोन लावला.

"आप्पा, मी बोलतोय."

"बोला शेठ."

"जागा घ्यायची आहे. इथलीच, लातूर रोडची."

"बरं."

"मी अजून रागात आहे."

"हाव," ते म्हणाले. "असू द्या. कवा येऊ?"